संकटाचं प्रदर्शन कोण मांडतं, कोणासाठी?

गेल्या काही महिन्यांत कलाप्रदर्शनांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेने आहे. दुष्काळ, दंगली, स्थलांतर, साथी, हवामान, युद्ध हे प्रदर्शनांचे विषय. मांडणारे क्युरेटर तिशीच्या आसपासचे. आणि पाहून बाहेर पडणाऱ्याच्या मनात शंकाच शंका. त्यांतले सहा प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : प्रदर्शनाच्या दाराशी चित्रकारांच्या आधी क्युरेटरचं नाव असतं. चित्रं तर त्याने काढलेली नसतात. मग तो करतो काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दिवाळी अंकाचा संपादक जे करतो, साधारण तेच. विषय ठरवायचा, कोणाकडून काय मागवायचं ते ठरवायचं, काय परत पाठवायचं तेही ठरवायचं आणि कोणाशेजारी कोण बसेल हे पाहायचं. त्यात भर म्हणून खोलीचा उजेड, आवाज, वाहतूक, विमा आणि पैशाची जुळवाजुळव.

या सगळ्यात शेजार फार महत्त्वाचा. कोळशाच्या खाणीचं एक रेखाटन निसर्गचित्रांच्या दालनात लावलं, तर आपण रेषेचं कौतुक करून पुढे जातो. तेच रेखाटन जमीन गेल्याच्या नोटिशी आणि खाणकामगाराच्या आवाजातली ध्वनिफीत यांच्यामध्ये ठेवलं, तर आपल्याला तिथे थांबावं लागतं. चित्र बदललेलं नसतं, त्याचा अर्थ मात्र बदललेला असतो. हा बदल घडवणं हे क्युरेटरचं काम आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

संग्रहालयात क्युरेटर पूर्वीपासून होते. वस्तू सांभाळणं, नोंदी ठेवणं ही त्यांची कामं. स्वतःचा विचार घेऊन प्रदर्शन रचणारा स्वतंत्र क्युरेटर ही मात्र अलीकडची गोष्ट, आणि तिच्या सुरुवातीला हारल्ड झेमान यांचं नाव घेतलं जातं. १९६१ साली वयाच्या २८व्या वर्षी ते स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या कलादालनाचे प्रमुख झाले. १९६९ मध्ये त्यांनी 'व्हेन ॲटिट्यूड्स बिकम फॉर्म' हे प्रदर्शन केलं. कलावंतांनी तिथे येऊन जागेवरच कामं घडवली. मायकेल हायझर या कलावंताने तर दालनाबाहेरचा रस्ताच फोडला. शहरात गदारोळ झाला, झेमान यांनी त्याच वर्षी पद सोडलं आणि पुढे स्वतंत्रपणे काम केलं. आज जगभर क्युरेटर म्हणून वावरणाऱ्या तरुण मंडळींची वाट तिथून निघते.

प्रश्न : 'संकट' हा शब्द हल्ली प्रत्येक प्रदर्शनात दिसतो. ही फॅशन नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काही अंशी आहे. अनुदान देणाऱ्या संस्था विषय जाहीर करतात, आणि नवा क्युरेटर अर्जात तीच भाषा लिहितो. त्यामुळे कुठलंही प्रदर्शन संकटाचं म्हणून सादर करता येतं. पण विषयाची मुळं त्याहून खोल आहेत.

बंगालचा १९४३ चा दुष्काळ घ्या. चित्तप्रसाद भट्टाचार्य हे कम्युनिस्ट पक्षाचे चित्रकार त्या वर्षी नोव्हेंबरात मिदनापूर जिल्ह्यात फिरले. भुकेने मरणाऱ्या माणसांची शाईतली रेखाटनं त्यांनी केली, नावागावासकट टिपणं घेतली आणि 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका मुंबईतून प्रसिद्ध झाली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. दुष्काळाचं चित्र सरकारला दुष्काळाइतकंच अडचणीचं वाटलं, यातच त्या चित्राचं बळ कळतं. पुढे चित्तप्रसाद यांच्या आयुष्याची बरीच वर्षं अंधेरीत गेली.

युरोपातलं उदाहरण 'डॉक्युमेंटा'चं. जर्मनीतलं कासेल हे शहर दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने उद्ध्वस्त झालं होतं. तिथले चित्रकार आर्नोल्ड बोडे यांनी १९५५ साली फ्रिडेरिशियानुम या अर्धवट दुरुस्त झालेल्या संग्रहालयात आधुनिक कलेचं प्रदर्शन भरवलं. नाझींनी जी कला 'भ्रष्ट' ठरवून हद्दपार केली होती, ती या पडक्या भिंतींवर परत आणली. एकदाच भरवायचं म्हणून केलेलं ते प्रदर्शन आता दर पाच वर्षांनी भरतं.

आणि आपली मुंबई. १९९२-९३ च्या दंगलींनी इथल्या कलावंतांना कॅनव्हासबाहेर यायला भाग पाडलं. दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचं होशी जाल यांनी टिपलेलं छायाचित्र वृत्तपत्रात आलं होतं. दिल्लीच्या विवान सुंदरम यांनी १९९३ मध्ये त्याच छायाचित्रावर 'मेमोरियल' ही मांडणी उभी केली आणि त्या अनोळखी माणसाला स्मारक दिलं. मुंबईच्या रुम्माना हुसेन यांनी तैलचित्रं मागे ठेवून फुटलेली मडकी, आरसे, छायाचित्रं, स्वतःचं शरीर हेच माध्यम केलं. १९९६ मधलं त्यांचं 'होम/नेशन' हे त्याच प्रवासातलं. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्नने 'सेंच्युरी सिटी' या प्रदर्शनात जगातली नऊ शहरं घेतली, तेव्हा मुंबईचा भाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी रचला. त्यासाठी त्यांनी काळ निवडला तो १९९२ ते २००१. शहराचं चरित्र त्याच्या जखमेपासून सांगायला सुरुवात करावी, हा त्यांचा निर्णय मला आजही धाडसी आणि योग्य वाटतो.

म्हणून फॅशन आहे की नाही हे विषयावरून ठरत नाही. मांडणाऱ्याने त्यासाठी किती कष्ट घेतले, त्यावरून ते ठरतं.

प्रश्न : इतका गंभीर विषय अनुभवी माणसांनी हाताळावा. नवख्या क्युरेटरांच्या हाती तो का द्यायचा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कारण संकट आलं की मोठ्या संस्था बहुधा थांबून वाट पाहतात, आणि ज्यांचं काही गमावण्यासारखं नाही ते आधी हलतात.

न्यूयॉर्क, नोव्हेंबर १९८९. एड्सने कलावंतांची एक पिढी मरत होती. नॅन गोल्डिन मुळात छायाचित्रकार, वय ३६. 'आर्टिस्ट्स स्पेस' या छोट्या, ना-नफा दालनासाठी तिने 'विटनेसेस : अगेन्स्ट अवर व्हॅनिशिंग' हे प्रदर्शन रचलं. कलावंत कोण, तर तिची मित्रमंडळी. त्यांतली काही आधीच गेलेली, काही जाण्याच्या वाटेवर. व्हित्तोरिओ स्कार्पाती यांनी रुग्णालयाच्या खाटेवर केलेली रेखाटनं त्यात होती. ते सप्टेंबरात वारले. त्यांची पत्नी, लेखिका कुकी म्युलर, उद्घाटनाच्या सहा दिवस आधी गेली. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत डेव्हिड वॉयनारोविच या कलावंताने राजकारणी आणि धर्मगुरूंवर संतापून लिहिलं. त्यावरून अमेरिकी सरकारच्या कलानिधीने १०,००० डॉलरचं अनुदान काढून घेतलं. निषेधाचा भडका उडाला. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी राष्ट्रीय कलापदक नाकारलं. शेवटी अनुदान परत मिळालं, पण प्रदर्शनापुरतं, पुस्तिकेसाठी नाही. एखाद्या बड्या संग्रहालयाने हे प्रदर्शन त्या वर्षी अशा रीतीने केलं असतं, असं मला वाटत नाही.

आता मुंबई. कुलाब्यात रिगल सिनेमासमोर क्लार्क हाउस नावाची जुनी इमारत आहे. तिथल्या एका जागेत २०१० साली झाशा कोला आणि सुमेश शर्मा या दोन तरुण क्युरेटरांनी 'क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह' सुरू केलं. मोठ्या गॅलऱ्यांचं लक्ष गेलेलं नव्हतं अशा कलावंतांना त्यांनी जागा दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते हे त्यांपैकी एक. घर खाणकामगारांचं, प्रदेश कोळशाचा, आणि चित्रासाठी हाती घेतला तोही कोळसाच. २०१२ मध्ये 'कॅनरी इन अ कोलमाइन' या प्रदर्शनात त्यांनी थेट भिंतींवर कोळशाने चित्रं काढली. २०२२ मध्ये ते व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, होते. याच जागेशी जोडलेले अमोल पाटील त्याच वर्षी कासेलच्या डॉक्युमेंटात होते; मुंबईचे सफाई कामगार आणि चाळीतलं जगणं हा त्यांच्या कामाचा गाभा. झाशा कोला यांनी २०२५ मध्ये बर्लिनच्या तेराव्या बिएनालेचं क्युरेशन केलं. दडपशाहीखाली कला कशी लपते, निसटते आणि एकाकडून दुसऱ्याकडे पोचते, हा त्या प्रदर्शनाचा विषय होता. कुलाब्यातल्या लहानशा जागेत घेतलेले अनुभव तिथवर उपयोगी पडले.

नव्यांकडून चुकाही होतात, आणि त्या मोठ्या मंचावर मोठ्या दिसतात. २०२२ चा डॉक्युमेंटा जाकार्ताच्या 'रुआंगरुपा' या कलावंतगटाकडे होता. 'लुंबुंग' म्हणजे गावाचं सामायिक धान्यकोठार, ही त्यांची कल्पना. मिळालेला पैसा आणि अधिकार त्यांनी जगभरच्या गटांत वाटला. ढाक्याच्या ब्रित्तो आर्ट्स ट्रस्टने तर तिथे स्वयंपाकघर चालवलं. पण 'तारिंग पाडी' या गटाचा, इंडोनेशियातल्या सुहार्तोच्या हुकूमशाहीवरचा एक भव्य जुना फलक लागला, त्यात ज्यूद्वेषी चित्रण असल्याचं दिसलं आणि काही दिवसांत तो उतरवावा लागला. अधिकार वाटून देता येतो, पण भिंतीवर लागणारी प्रत्येक प्रतिमा आधी डोळ्यांखालून घालण्याची जबाबदारी वाटून टाकता येत नाही. हा धडा तरुण क्युरेटरांनी पाठ करावा इतका महत्त्वाचा आहे.

प्रश्न : दुसऱ्याचं दुःख दालनात मांडायचं आणि उद्घाटनाला खाणंपिणं करायचं, हे मनाला पटत नाही. यात नीती कुठे आहे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे. दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहू.

१८ एप्रिल २०१५ रोजी लिबियाहून निघालेली एक मासेमारी बोट भूमध्य समुद्रात बुडाली. त्यात किमान सातशे स्थलांतरित दगावले, २८ वाचले. इटलीच्या नौदलाने नंतर ती बोट वर काढली. २०१९ मध्ये क्रिस्तोफ ब्युशेल या कलावंताने तीच बोट व्हेनिसच्या बिएनालेत धक्क्यावर आणून उभी केली. जवळ कॅफे, आणि बोट कसली हे सांगणारी पाटी नाही. लोक कॉफी पीत होते, तिच्यासमोर छायाचित्रं काढत होते. ही उदासीनता उघडी पाडणं हाच हेतू होता, असं काहींचं म्हणणं. माझं मत विरोधात आहे. जिथे शेकडो माणसं बुडून मेली, ती वस्तू नावनिशाणीशिवाय ठेवणं म्हणजे त्या माणसांना दुसऱ्यांदा अनाम करणं होय.

दुसरं उदाहरण चीनमधलं. १२ मे २००८ रोजी सिचुआनमध्ये भूकंप झाला. कच्च्या बांधकामाच्या शाळा कोसळल्या आणि हजारो मुलं दगावली. आय वेवे या कलावंताने स्वयंसेवकांना घेऊन गावोगाव चौकशी केली आणि पाच हजारांहून अधिक मुलांची नावं जमवली. ढिगाऱ्यातल्या वाकड्या सळया विकत घेऊन त्या हाताने ठोकून सरळ करून घेतल्या. 'स्ट्रेट' या मांडणीत सरळ केलेल्या त्या सळयांचे थर जमिनीवर असतात आणि सोबत भिंतीवर मुलांची नावं. इथे दुःख वापरलेलं नाही. सरकारने न दिलेला हिशोब एका कलावंताने दिला आहे.

दोन्हीकडे वस्तू खऱ्या, दोन्हीकडे मृत्यू खरे. फरक पडतो तो ज्यांच्यावर संकट कोसळलं ती माणसं मांडणीत आहेत की नाहीत, यामुळे. पाचपुत्यांच्या कामात मला हाच आधार वाटतो. खाणीची कथा खाणकामगाराच्या घरातून येते, तेव्हा तिला परवानगी मागावी लागत नाही. बाहेरून येणाऱ्या क्युरेटरला ती मागावीच लागते.

संस्थेचं स्वतःचं वागणंही यातच मोडतं. कोचीचं बिएनाले २०२२ मध्ये १२ डिसेंबरला उघडायचं होतं, आदल्या दिवशी ते २३ डिसेंबरपर्यंत पुढे ढकललं गेलं. सहभागी कलावंतांपैकी पन्नासहून अधिक जणांनी खुलं पत्र लिहून ढिसाळ तयारीबद्दल जाब विचारला. प्रदर्शन उभं करणाऱ्या सुताराला, वीजतंत्र्याला, शिकाऊ साहाय्यकाला वेळेवर पैसे मिळाले का, हा प्रश्न संकटावर बोलणाऱ्या प्रत्येक संस्थेला विचारला गेलाच पाहिजे.

प्रश्न : या प्रदर्शनांमुळे प्रत्यक्षात काही बदलतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पाऊस पडत नाही आणि युद्ध थांबत नाही. तेवढी अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी येईल. पण तीन गोष्टी घडू शकतात.

पहिली, नोंद राहते. चित्तप्रसाद यांची रेखाटनं आज बंगालच्या दुष्काळाचा पुरावा म्हणून पाहिली जातात. दुसरी, संस्था हलतात. गोल्डिनचं प्रदर्शन चालू असतानाच, १ डिसेंबर १९८९ रोजी, अमेरिकेत एड्सकडे लक्ष वेधण्यासाठी पहिला 'डे विदाउट आर्ट' म्हणजे कलेविना दिवस पाळला गेला; सुमारे ८०० कलासंस्थांनी त्यात भाग घेतला. कुणी दारं बंद ठेवली, कुणी चित्रं झाकली, कुणी रुग्णांसाठी काम केलं. तिसरी, पैसा आणि श्रम योग्य जागी वळवता येतात. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर डिसेंबरात कोचीचं बिएनाले भरलं. बांगलादेशच्या मार्झिया फरहाना यांनी पुरात नासलेलं घरगुती सामान, फ्रीज, पुस्तकं, लाकडी सामान, दालनात टांगून ठेवलं. त्याच मोसमात, जानेवारी २०१९ मध्ये, पूरग्रस्तांच्या मदतीसाठी कलाकृतींचा लिलावही झाला.

हवामानाच्या प्रदर्शनांना आणखी एक कसोटी लागते. ओलाफुर एलियासन यांनी २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फाचे १२ मोठे ठोकळे पॅरिसच्या चौकात मांडले. हवामान परिषद चालू होती आणि लोक वितळणाऱ्या बर्फाला हात लावून पाहत होते. बर्फ एवढ्या लांबून आणण्यासाठी किती इंधन जाळलं, हा आक्षेप आलाच. त्या वाहतुकीच्या कार्बनचा हिशोब स्वतंत्र संस्थेकडून करून घेऊन तो जाहीरही केला गेला. विमानाने कलाकृती मागवून हवामानबदलावर बोलणाऱ्या प्रत्येक क्युरेटरने निदान एवढा हिशोब तरी द्यावा.

प्रश्न : आमच्यासारख्या सामान्य माणसाने अशी प्रदर्शनं पाहावीत कशी? भिंतीवरचं इंग्रजी वाचून काहीच कळत नाही. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी तो मजकूर सोडून द्या. एक फेरी नुसत्या डोळ्यांनी मारा. जे काम पाय थांबवेल त्याच्यापाशी उभं राहा. सगळं पाहिलंच पाहिजे असा नियम नाही. व्हिडिओ असेल तर किती मिनिटांचा आहे ते पाहा आणि जमलं तर सुरुवातीपासून बसा. मग पाटी वाचा. कलावंत कुठला, वस्तू कुठून आणली, माहिती कोणी दिली, आभारात कोणाची नावं आहेत, हे शोधा. ज्यांच्यावरच्या संकटाबद्दल प्रदर्शन बोलतंय त्यांचं नाव आभारातही सापडलं नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. दालनात बसलेली तरुण मुलं बहुधा कला महाविद्यालयांतली असतात. त्यांना बिनधास्त विचारा, ती मनापासून सांगतात. उद्घाटनाची गर्दी टाळून आठवड्यातल्या साध्या दिवशी जा. काळा घोडा, कुलाब्यातल्या बहुतेक खासगी गॅलऱ्यांत तिकीट नसतं. कोचीला गेलात तर मुख्य प्रदर्शनासोबत स्टुडंट्स बिएनाले जरूर पाहा. २०१४ पासून देशभरच्या कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची कामं तरुण क्युरेटर तिथे मांडतात, आणि पुढच्या दहा वर्षांत कोण काय बोलणार आहे ते तिथे आधी दिसतं. गोव्यात पणजीला २०१६ पासून डिसेंबरात होणारा सेरेंडिपिटी महोत्सवही आपल्याला जवळचा.

आणि इंग्रजीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. चंद्रपूरच्या खाणीवरचं, मराठवाड्याच्या दुष्काळावरचं, मुंबईच्या सफाई कामगारांवरचं प्रदर्शन मुंबईत भरतं आणि भिंतीवर मराठीची एक ओळ नसते, ही आपल्या कलाजगतातली मोठी उणीव आहे. ज्याच्या आयुष्याबद्दल बोलायचं, त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत बोलायचं, हे कुठल्याच नीतीत बसत नाही. एका प्रदर्शनाच्या खर्चात दोन पानांच्या मराठी मजकुराचा खर्च नगण्य असतो.

तेव्हा तरुण क्युरेटरांना आग्रहाची विनंती : पुढच्या प्रदर्शनाचा मजकूर मराठीतही लिहा, आणि तो आधी अशा माणसाला वाचून दाखवा जो या संकटातून गेला आहे. वाचकांनाही विनंती : प्रदर्शन पाहिल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत मराठीत अभिप्राय लिहा, आणि मराठी मजकूर नसेल तर तो स्पष्ट शब्दांत मागा.